गाडीत कोणता फिल्टर बसवू, याच्या आधी गाडीत कोणतं पाणी भराल ते ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजला मी: नागपूरचे आहात, ट्रॅव्हलर घेऊन तिची राहायची गाडी करून राहिले, खाली शंभर लिटरची टाकी, घरचे चार जण अन् सात महिन्यांचं बाळ, ते वरच्या दुधावर आहे. रूट म्हणजे आधी ताडोबा, मंग हेमलकसा, तिकडून चंद्रपूर-वणी-यवतमाळ करत अमरावती, चिखलदरा-सेमाडोह, खाली उतरून अकोट, शेगाव, लोणार. अन् ऑनलाइन एक सात स्टेजवाला कॉम्पॅक्ट आरओ दिसला, गाडीत बसतो म्हणतात, घ्यावा का.

माझं काम वरोरा-वणी भागात आरओ प्लांट अन् घरगुती मशीन बसवायचं, अधूनमधून यात्रेच्या गाड्या अन् टुरिस्टवाल्यांच्या व्हॅनलेही पाण्याची लाइन टाकून देतो. तर सरळ सांगतो, तो आरओ या ट्रिपसाठी घेऊ नका. काहून ते खाली लिहितो, थोडं लांबेल, पण पाण्याचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय फिल्टरचं समजत नाही.

पाण्यात दोन वेगवेगळ्या भानगडी असतात. एक जंतू, दुसरी विरघळलेली वस्तू म्हणजे मीठ, फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा. जंतू गाडीत मारता येतात, स्वस्तात, बिना लाइटचे, जागा न खाता. विरघळलेलं काढायचं म्हटलं की प्रेशर लागते, करंट लागते अन् मुख्य म्हणजे पाणी लागते, वाया घालवायले. घरगुती आरओ साधारण चार लिटर घेते तेव्हा एक लिटर देते, बाकी तीन नालीत. आता तुमची टाकी शंभरची, पाच जणांले उन्हाळ्यात प्यायले-सैपाकाले वीस लिटर धरा, म्हणजे पिण्यातच ऐंशी लिटर गेलं, आंघोळ-भांडी कशात करता? काही जण म्हणतात रिजेक्टचं, म्हणजे आरओने बाहेर टाकलेलं, पाणी परत टाकीत सोडा, वाया जात नाही. जात नाही खरं, पण टाकीतलं पाणी दर फेरीले जास्त खारं होत जाते अन् मेम्ब्रेन, म्हणजे आरओची गाळायची बारीक पडदी, लवकर जाम होते. रिजेक्ट घ्यायचंच तर वेगळ्या कॅनमध्ये घ्या अन् भांड्याले वापरा.

अजून एक, हे विकणारे सांगत नाहीत. पाण्यात दर शंभर टीडीएसमागे (टीडीएस म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळले ते) अंदाजे एक पीएसआय (हे प्रेशरचं माप) प्रेशर मेम्ब्रेनवर उलटं बसते. म्हणजे दोन हजार टीडीएसच्या पाण्यात वीस पीएसआय तिथेच गेले. गाडीतला बारा व्होल्टचा डायफ्राम पंप पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास देते, त्यातून वीस गेले की उरलं काय, थेंब थेंब. मंग वेगळा बूस्टर पंप लावा, तो चोवीस व्होल्टचा, त्याच्यासाठी इन्व्हर्टर नका लावू, बारा ते चोवीसचा डीसी कन्व्हर्टर लावा, हे ज्यांले आरओ लागतेच त्यांच्यासाठी सांगून ठेवलं.

अन् ऊन. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-नागपूर पंचेचाळीसच्या वर जाते, बंद उभी गाडी आतून त्याच्याही वर तापते. घरगुती मेम्ब्रेनची लिमिटच ४५ अंश पाण्याची असते, अन् फिल्टर ज्यात बसते त्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या, म्हणजे हाउसिंगा, बऱ्याचशा अडतीसच्या वर वापरू नका असं कंपनीच लिहिते. म्हणून काहीही बसवा, पण टपाच्या खाली किंवा इंजिनच्या भिंतीले लावून नको, मागच्या सीटखाली सावलीत बसवा.

आता रूटचं पाणी पाहू, इथेच सगळं ठरते.

ताडोबा-चिमूर-चंद्रपूर, तिकडे खाली राजुरा-कोरपना, इकडे वणी-मारेगाव-झरी-पांढरकवडा, हा पट्टा फ्लोराइडचा म्हणून माहीत आहे. सगळ्या गावात नाही, पण एका गावात एक हापशी चांगली अन् दुसरीत फ्लोराइड, असंही असते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२ चं) फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅम चालते, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत, त्याच्या वर नाही. याचा ना वास, ना चव, ना रंग. पाणी एकदम काचेसारखं, गोड, थंड. अन् खोल बोअरले जास्त, उघड्या विहिरीले बहुतेक कमी. इथे गंमत पाहा, जंतूच्या हिशोबाने विहीर वाईट अन् बोअर चांगली, फ्लोराइडच्या हिशोबाने उलटं. आपल्याले जंतू मारता येतात, फ्लोराइड उकळून, कॅंडलने, कार्बनने, यूएफने (अति बारीक छिद्रांचा फिल्टर) कशानेच जात नाही. मंग या भागात विहिरीचं किंवा गावच्या नळाचं पाणी घ्या अन् जंतूचा बंदोबस्त गाडीत करा, कोपऱ्यावरच्या हापशीचं आयतं स्वच्छ दिसते म्हणून टाकी भरू नका. कुठेकुठे हापशीले लाल रंग मारलेला दिसते, तिथून तर बिलकूल नाही.

पण घाबरवत नाही तुम्हाले. फ्लोराइडने दात-हाडं खराब व्हायले वर्षानुवर्षं तेच पाणी प्यावं लागते, गावात राहणाऱ्याचा तो खरा प्रश्न आहे. तुमची ट्रिप दहा-बारा दिवसांची, त्यात मोठ्या माणसाले दीड ऐवजी दोनचं पाणी एखाद दिवस गेलं तर काही बिघडत नाही. ट्रिपवर माणूस आडवा होते तो जंतूने. म्हणून पैसे अन् जागा जंतूवर खर्च करा, हाच माझा सगळा मुद्दा आहे.

मेळघाटचं घ्या. जुलै २०२२ ले चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी अन् कोयलारीत विहिरीचं दूषित पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं दगावली. तिथे प्रश्न फ्लोराइडचा नव्हता, जंतूंचा होता, टीडीएस मीटर लावलं असतं तर मस्त आकडा दाखवला असता. हे मीटर लोक खिशात घेऊन फिरतात, पन्नास-शंभर आलं की बिसलेरी समजतात. ते मीटर फक्त पाण्यातून करंट किती जाते ते मोजते, त्यातून कॉलरा दिसत नाही, फ्लोराइड दिसत नाही, नायट्रेट वेगळं दिसत नाही. मीटर ठेवा, पण खारं पाणी ओळखायलेच.

खारं म्हटलं की खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगाले अमरावती-अकोला-बुलडाण्यात, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर. तुम्ही परतवाड्याहून अंजनगाव-अकोट असे उतराल ना, तो रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने जाते, तिथे संत्रा अन् केळी दिसेपर्यंत खालचं पाणी गोडं समजा, संत्र्याले खारं चालत नाही. तिथेच टाकी भरून घ्या. अकोटच्या खाली पूर्णेकडे सरकलं की बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तिकडच्या गावाले म्हणूनच बाहेरून पाणी आणलं, अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना आहे, त्या नळाचं पाणी मिळालं तर चांगलं. मीटर नसलं तरी बाईमाणसाले विचारा, तुरीची डाळ शिजते का अन् साबणाले फेस येते का. डाळ शिजत नसेल तर ते पाणी गाडीत घेऊन काय करता.

हेमलकसा-भामरागडकडे अन् वैनगंगेच्या अंगाने कुठेकुठे हापशीचं पाणी भरताना नितळ असते अन् भांड्यात ठेवलं की लालसर होते, ते लोखंड. त्याने तब्येतीले फार काही होत नाही पण फिल्टर दोन दिवसांत जाम. बादलीत रातभर उघडं ठेवा, खाली बसते, वरचं फडक्यातून गाळून घ्या.

आता बाळाचं, हे नीट वाचा. वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत विहिरीच्या पाण्यात नायट्रेट बऱ्याच ठिकाणी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघते, खत, शेणाचे उकिरडे, शौचालयाचे खड्डे, सगळं झिरपून. मोठ्या माणसाले ते पचते, पण सहा-सात महिन्यांच्या आतबाहेरच्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. अन् लोक काय करतात, बाळासाठी म्हणून पाणी मस्त वीस मिनिटं उकळतात. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसं घट्ट होते. तर बाळाच्या दुधाच्या पावडरीसाठी विहिरीचं, हापशीचं पाणी वापरूच नका, कोणत्याही फिल्टरमधून काढलेलं असलं तरी. सीलबंद आयएसआयवाल्या बाटल्या घ्या, एका बाळाले दिवसाले लागते किती, लिटरभर, अन् तेही वापरायच्या आधी एक उकळी काढून कोमट करून वापरा. एवढ्यासाठी गाडीत आरओ बसवायची गरज नाही.

अन् आरओचंच पाणी पायजे असेल तर ते गावोगावी मिळते की बाप्पा. आता बहुतेक मोठ्या गावात ग्रामपंचायतीचा नाही तर कोणाचा खाजगी प्लांट आहे, नाणं टाकलं की वीस लिटर. फ्लोराइडच्या पट्ट्यात अन् खारपाणपट्ट्यात प्यायचं पाणी तिथून घ्या, टाकीचं पाणी बाकी कामाले. एक ध्यानात ठेवा, या प्लांटच्या पाण्यात क्लोरीन नसते, त्यामुळे कॅन घाण असला की ते पाणी दुसऱ्याच दिवशी बिघडते. कॅन स्वतःचा ठेवा, धुतलेला.

तर मंग गाडीत काय बसवायचं. ऐका.

टाकी भरतानाच पहिला बंदोबस्त. भरायच्या पाइपाले दहा इंची हाउसिंग लावा, आत पाच मायक्रॉनचा स्पन फिल्टर (गाळ अडवणारी कांडी), शंभर-दीडशेत मिळते, पिवळा-काळा पडला की फेकून द्या, धुऊन परत लावायचा कंजूषपणा नको. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर आधी बादलीत तुरटी फिरवून निवळू द्या, नाही तर स्पन एका टाकीतच जाम होते. आमच्याकडे जुन्या बाया निवळीचं बी घासायच्या, तेही चालते, मिळालं तर.

मंग टाकीत क्लोरीन. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट, बिना वासाचं, बिना रंगाचं, कपड्याचं सेंटवालं नाही. शंभर लिटर स्वच्छ पाण्याले चार मिली, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम झालं. अर्धा तास थांबा, मंगच वापरा. बाटली सावलीत ठेवा, उन्हात त्याची ताकद उडून जाते, उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांवर जुनी झाली की नवीन घ्या. आरोग्य केंद्रातून आशाताई मेडिक्लोर (क्लोरीनचंच औषध) वाटतात, तेही चालते, त्यावर लिहिलेल्या हिशोबाने. क्लोरीन टिकलं का नाही ते पाहायले ओटी टेस्ट करा, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करते तीच, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं पडलं पायजे. छोटी किट विकत मिळते.

टाकीतून पंप, पंपाच्या आधी जाळी. पंपानंतर दोन फाटे करा. एक सरळ सिंक अन् आंघोळीले, बिना फिल्टरचा. सगळ्या पाण्याले फिल्टरमधून काढायचा हट्ट करू नका, लोक तिथेच चुकतात अन् मंग म्हणतात कार्ट्रिज महिनाभर टिकत नाही. दुसरा फाटा पिण्याच्या छोट्या नळीले, त्यात आधी कार्बन ब्लॉक, मंग यूएफ मेम्ब्रेन. कार्बनने क्लोरीनचा वास-चव जाते, थोडाफार फवारणीच्या औषधाचा अंशही धरते, यूएफने बॅक्टेरिया अन् जियार्डिया-क्रिप्टोसारखे किडे अडतात. यूएफचं छिद्र साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉन, बॅक्टेरिया ०.२ च्या पुढचे, म्हणून ते अडतात. ०.१ वाल्यातून व्हायरस मात्र निघून जाते, पण ते आपण टाकीत क्लोरीनने आधीच मारले. अन् क्रिप्टो क्लोरीनले दाद देत नाही, तो यूएफले अडते. एकाचं उरलं ते दुसरं करते, म्हणून ही जोडी. दोन्हींपैकी एक काढून टाकायचं नाही.

यूव्ही, म्हणजे उजेडाने जंतू मारणारा दिवा, काहून नाही म्हणाल, तर घरी मस्त आहे, गाडीत नाही. आत काचेची नळी, आपले रस्ते तुम्हाले माहीत आहेत. वरून पाणी जरा गढूळ असलं की त्याचा उजेड पोचत नाही, अन् यूव्हीतून निघालेलं पाणी बाटलीत गेलं की पुढे त्याले राखण करणारं काही नाही.

ते फॉरेनच्या व्हिडिओत निळी नळकांडी नळाले जोडतात ना, होजमध्ये बसणारी, ती दिसायले कॉम्पॅक्ट आहे पण ती तिकडच्या कॅम्पग्राउंडच्या शुद्ध केलेल्या नळासाठी, चव अन् गाळ काढायले. आपल्या विहिरीच्या पाण्यावर तिच्या भरवशावर राहू नका. अन् 'सात स्टेज' म्हटल्याने फसू नका, त्यातल्या तीन-चार स्टेज म्हणजे रंगीत खडे, मिनरल, अल्कलाइन, असलं काहीबाही. तसंही हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की ५०० टीडीएसच्या खाली आरओ वापरू नये.

बसवायचं काम नीट करून घ्या, फिल्टर महाग का स्वस्त यापेक्षा त्यावर जास्त आहे. हाउसिंग नुसतं ब्रॅकेटले लटकवलं तर हादऱ्याने त्याची मान तडकते, खालून रबराचा टेकू द्या. पाइप ताणून नको, एक वेटोळं सोडा. पुश फिटिंगले लॉक क्लिप पायजेच. अन् गाडी चालू असताना पंपाचं बटन बंद, नाही तर पाइपाचा एक कोपर (वाकडा जोड) निसटला की सगळी टाकी गाडीत. घरातल्या सगळ्यांले ते बटन दाखवून ठेवा.

ट्रिपच्या आधी टाकी अन् लाइन एकदा कडक क्लोरीनने धुवा, शंभर लिटरले तेच पाच टक्केवालं शंभर मिली, कार्ट्रिजा काढून ठेवून, सगळ्या नळातून वास येईपर्यंत पाणी काढा, चार तास ठेवा, मंग सोडून द्या अन् दोनदा साध्या पाण्याने धुवा. पाणी सोडताना शेतात-बगिच्यात किंवा नाल्यात नको. पहिल्यांदा कार्बन बसवला की काळं पाणी येते, पाच-दहा लिटर जाऊ द्या.

गाडी घरी येऊन महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, स्पन अन् कार्बन काढून फेका, ओला कार्बन गरमीत उभा राहिला की त्यातच जंतूंचं घर होते, मंग पुढच्या ट्रिपले तोच फिल्टर पाणी खराब करते. यूएफ मेम्ब्रेन वाळू द्यायची का ओली ठेवायची ते कंपनीप्रमाणे बदलते, डब्यावर वाचा. पुढेमागे लडाख-स्पितीकडे गाडी नेली अन् यूएफ गोठली तर ती टाकूनच द्या, बर्फाने आतले धागे फाटतात अन् वरून दिसत नाही. आपल्या इकडे ते टेन्शन नाही.

खर्च म्हणाल तर पंप सोडून फिल्टरची लाइन, दोन हाउसिंगा, यूएफ, नळी-फिटिंग, चार-पाच हजारांत नागपूरले होऊन जाईल, ज्या दुकानात आरओचे सुटे पार्ट मिळतात तिथे. घेताना कार्ट्रिज दहा इंचीच घ्या, स्टँडर्ड मापाची, ती वणीले मिळते, परतवाड्याले मिळते, शेगावले मिळते. ते ऑनलाइनवालं छोटं सुबक मशीन त्याचीच कार्ट्रिज मागते अन् ती भामरागडले कुठून आणाल. सोबत दोन स्पन, एक कार्बन, हाउसिंगचे दोन ओ-रिंग, टेफ्लॉन टेप अन् हाउसिंग खोलायचा पाना एवढं डिक्कीत टाका. ओ-रिंगले वॅसलीन नको, सिलिकॉन ग्रीस लावा, वॅसलीनने रबर फुगते. टाकीचं तोंड किती इंची आहे अन् ती फूड ग्रेड आहे का तेवढं कळवा, काळी सिंटेक्सवाल्याकडची नसून फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडाची बनवून दिली असेल तर आधी ती बदलावी लागेल.